फोटो ठेवून दुरून उपचार : नव्याने शिरणाऱ्यांसाठी वाटाड्या

‘फोटो पाठवा, पूर्ण नाव पाठवा, आज रात्रीपासून सुरू करतो.’ असा मेसेज हल्ली बऱ्याच घरांत येऊन पडतो. कधी रेकीचा कोर्स केलेल्या मावशींकडून, कधी नवीन ‘एनर्जी’ यंत्र घेतलेल्या शेजाऱ्यांकडून. कधी तर यंत्र आपल्याच टेबलावर येऊन बसलेलं असतं. दोन डायल, मधे धातूची वाटी किंवा रबराचं पॅड, एक हिरवा दिवा आणि इंग्रजीतली चार पानी पुस्तिका. वाटीत फोटो ठेवायचा, आकडा लावायचा, बटण दाबायचं. माणूस नाशकात असो की न्यू जर्सीत, अंतराने फरक पडत नाही, असं पुस्तिका म्हणते.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. फोटोवर काही केल्याने दूरच्या माणसाच्या शरीरात बदल होतो, हे नीट आखलेल्या चाचण्यांमध्ये आजवर ठरलेलं नाही. आणि तसं व्हावं कसं, याचं पटेल असं उत्तर पदार्थविज्ञानात नाही. पण ‘करू नका’ एवढंच लिहून थांबलो तर उपयोग शून्य, कारण करणारे करतातच. म्हणून करायचंच ठरवलं असेल तर कोणाचं नुकसान न होता कसं करायचं, आणि आपल्या यंत्रातून खरंच काही घडतंय का हे घरच्या घरी कसं पाहायचं, ते पायरीपायरीने मांडतो.

पहिली पायरी : यंत्राचं घराणं ओळखा

दुकानदार ‘क्वांटम’ म्हणो की ‘बायो-रेझोनन्स’, फोटो ठेवायची बहुतेक यंत्रं एका जुन्या झाडाच्या फांद्या आहेत. त्या झाडाचं नाव रेडिओनिक्स. मुळाशी आहेत सॅन फ्रान्सिस्कोचे डॉक्टर अल्बर्ट अब्रॅम्स. पहिल्या महायुद्धाच्या आसपास त्यांनी असा दावा केला की प्रत्येक रोगाची वेगळी कंपनं असतात आणि ती रक्ताच्या एका थेंबातून ओळखता येतात. पद्धत अशी : टिपकागदावरचा वाळलेला थेंब डब्यात, डब्याची तार एका निरोगी माणसाला जोडलेली, तो मंद उजेडात पश्चिमेकडे तोंड करून उभा, आणि डॉक्टर त्याच्या पोटावर टिचक्या मारून आवाज ऐकणार. रक्त नसेल तर हस्ताक्षरही चालायचं. उपचारासाठी ‘ऑसिलोक्लास्ट’ नावाची पेटी भाड्याने मिळे, तीही ती कधी उघडणार नाही अशा लेखी अटीवर. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेकडून एका बाईचं म्हणून गिनीपिगचं रक्त पाठवलं गेलं, तेव्हा अनेक आजारांची यादी परत आली. ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकाने 1923-24 मध्ये या पद्धतीची लांबलचक चौकशी केली आणि त्यात काही तथ्य नाही असा निष्कर्ष काढला. तोवर अब्रॅम्स वारले होते.

पुढची कडी लॉस एंजेलिसच्या रूथ ड्राऊन. थेंबावरून दूरच्या रोग्यावर उपचार करण्याची कल्पना त्यांनी पुढे नेली. एवढंच काय, रक्ताच्या डागावरून शरीराच्या आतल्या अवयवाचं चित्र फिल्मवर उमटतं, असाही त्यांचा दावा होता. स्तनात गाठ असलेल्या एका बाईने शस्त्रक्रिया टाळून त्यांच्या यंत्रावर भिस्त ठेवली आणि कर्करोग पसरला. त्या प्रकरणात 1951 मध्ये ड्राऊन दोषी ठरल्या. त्यानंतर 1963 मध्ये सरकारी तपासणाऱ्यांनी तीन मुलांचं रक्त म्हणून टर्की, मेंढी आणि डुक्कर यांचं रक्त दिलं. त्यावरून मुलांना कांजिण्या आणि गालगुंड असल्याचं निदान झालं.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या जॉर्ज डी ला वॉर यांनी तशीच पेटी आणि तिला जोडलेला ‘कॅमेरा’ बनवला. त्यांचं यंत्र विकत घेतलेल्या एका बाईने 1960 मध्ये फसवणुकीचा दावा लावला. न्यायालयाने निकाल डी ला वॉर यांच्या बाजूने दिला, पण त्याचं कारण नीट वाचण्यासारखं आहे. यंत्र चालतं असं न्यायाधीश म्हणाले नाहीत. हा माणूस स्वतःच्या यंत्रावर मनापासून विश्वास ठेवत होता, म्हणून त्याने फसवलं असं म्हणता येत नाही, असं ते म्हणाले. नव्याने शिरणाऱ्यांनी हा निकाल ध्यानात ठेवावा. तुम्हाला भेटणारे बहुतेक हीलर प्रामाणिकच असतील. मावशी तुम्हाला लुबाडायला बसलेल्या नाहीत. पण त्यांचा प्रामाणिकपणा आणि यंत्राचा परिणाम ही दोन खाती वेगवेगळी ठेवावी लागतात.

आता आपल्या बाजूचा एक धागा, जो मराठी वाचकांना फारसा ठाऊक नसतो. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात ओरिएंटल इन्स्टिट्यूट नावाची नामांकित संस्था उभी राहिली. तिचे संचालक होते डॉ. विनयतोष भट्टाचार्य. बौद्ध मूर्तिशास्त्राचे मोठे अभ्यासक, हरप्रसाद शास्त्रींचे चिरंजीव. विद्वत्तेत कुठेही कमी नाहीत. या गृहस्थांनी ‘टेलिथेरपी’ नावाची पद्धत काढली. नवरत्नांचे खडे चकतीवर बसवायचे, चकती विजेच्या मोटरवर गरगर फिरवायची आणि समोर रोग्याचा फोटो ठेवायचा. प्रत्येक रत्नातून एकेक वैश्विक किरण निघतो आणि फोटोमार्गे रोग्यापर्यंत पोचतो, ही कल्पना. काचेच्या त्रिकोणी लोलकातून, म्हणजे प्रिझममधून, पाहिल्यावर रत्नाचा ‘खरा’ रंग दिसतो असं ते मांडत, त्यामुळे त्यांच्या तक्त्यात पोवळं पिवळ्या किरणाचं आणि मोती नारिंगी किरणाचा. आज रत्नांची चकती आणि छोटी मोटर असलेलं यंत्र कोणी दाखवलं तर ते याच शाखेचं समजा. विक्रेता त्याला ‘प्राचीन वैदिक विज्ञान’ म्हणेल. प्रत्यक्षात त्याला विजेची मोटर आणि छायाचित्र लागतं, तेव्हा ते किती प्राचीन हे तुम्हीच ठरवा.

तिसरं घराणं यंत्राविना चालणारं : रेकी, प्राणिक हीलिंग वगैरे. तिथे फोटो फक्त लक्ष एकवटायला वापरतात. फोटो हातात धरतात, किंवा चिठ्ठ्या आणि फोटो एका ‘हीलिंग बॉक्स’मध्ये ठेवून त्यावर रोज हात धरतात. इथे पैसा कमी गुंततो आणि विजेचा धोका नसतो. पण पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यांनाही लागू.

एक गोष्ट मात्र मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मार्मिक वाटते. थॉमस गॅलन हायरॉनिमस या अमेरिकन अभियंत्याला 1949 मध्ये अशा एका यंत्राचं पेटंट मिळालं. 1956 मध्ये विज्ञानकथांच्या मासिकाचे संपादक जॉन कॅम्पबेल यांनी ते यंत्र बनवून पाहिलं आणि ते चालतं असं त्यांना वाटलं. मग त्यांच्या ध्यानात आलं की वीज बंद असली तरी ते तितकंच ‘चालतं’. पुढे त्यांनी भागांऐवजी कागदावर शाईने नुसती सर्किटची आकृती काढली. तीही तितकीच चालली. त्यांनी यातून गूढाकडे जाणारा अर्थ काढला. मला यातून इतकंच कळतं की परिणाम, जो काही असेल तो, डब्यातल्या तारांमुळे होत नव्हता. तेव्हा पंधरा-वीस हजार मोजण्यापूर्वी विक्रेत्याला विचारा, ‘प्लग काढून चालवलं तर काय फरक पडेल, आणि तो मी कसा ओळखायचा?’ उत्तर लक्ष देऊन ऐका.

दुसरी पायरी : डॉक्टर आधी, आणि हे बदलत नाही

इथे घोळ घालण्यात अर्थ नाही. छातीत दुखणं, अचानक तोंड वाकडं होणं किंवा बोलणं अडखळणं, फिट, साप किंवा कुत्रा चावणं, तान्ह्या बाळाचा ताप, गरोदरपणातला रक्तस्राव, आत्महत्येचे विचार : यांत फोटो काढत बसू नका, 108 ला फोन करा.

चालू औषध कोणाच्याही सांगण्यावरून थांबवायचं नाही. इन्सुलिन, फिटच्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या, क्षयरोगाचा कोर्स, स्टेरॉइड, यातलं काहीही मधेच सोडलं तर जीवावर बेतू शकतं. हीलर म्हणाले, ‘गोळ्यांमुळे ऊर्जा अडते’, तर त्याच क्षणी तिथून उठा. मघाच्या ड्राऊनबाईंच्या प्रकरणात त्या रोग्याचा जीव यंत्राच्या लहरींनी गेला नाही. शस्त्रक्रिया लांबल्यामुळे गेला. फोटोच्या उपचारातला खरा धोका हाच आहे : बाकी काही होवो न होवो, वेळ जातो.

यंत्र फोटोवर चालवायचं आहे म्हणून ते निरुपद्रवी असेलच, असंही नाही. काही पेट्यांत खरोखरची कॉइल असते आणि ती चुंबकीय क्षेत्र सोडते. घरात कोणाला पेसमेकर असेल तर अशी पेटी त्यांच्या जवळपास चालवू नका. वायर थेट 230 व्होल्टच्या प्लगला जाते की अॅडॅप्टरमार्गे, ते पाहा. बिननावाच्या डब्याची धातूची वाटी चालू असताना बोटांनी चाचपू नका, आणि रात्रभर चालू ठेवून झोपू नका.

तिसरी पायरी : फोटो, म्हणजे कोणाचा आणि कोणाच्या परवानगीने

या क्षेत्रात फोटोला ‘विटनेस’ म्हणतात, म्हणजे त्या माणसाचा प्रतिनिधी. पुस्तिकांमध्ये फोटो कसा असावा याचे बरेच नियम सापडतील : एकटाच माणूस हवा, चष्मा नको, मागे आरसा नको, तीन महिन्यांपेक्षा जुना नको. या नियमांना कसलाही आधार नाही आणि ते एकमेकांशी जुळतही नाहीत. अब्रॅम्सच्या पंथाला मेलेल्या लेखकांचं हस्ताक्षरही चालत होतं, त्यावरून ते त्यांच्या रोगांचं निदान करत. त्यामुळे फोटोच्या ‘शुद्धते’वर वेळ घालवू नका. त्यापेक्षा पुढच्या गोष्टींवर घालवा.

ज्याचा फोटो आहे त्याला विचारा. तोंडी नको, एका ओळीचा मेसेज तरी घ्या : ‘माझा फोटो या कामासाठी वापरायला हरकत नाही.’ सासूबाईंना न सांगता त्यांच्या गुडघ्यांसाठी फोटो लावणं, किंवा नवऱ्याची दारू सुटावी म्हणून त्याच्या नकळत फोटो कुणाला पाठवणं, हे प्रेमापोटी होतं हे मान्य. तरी नको. परिणाम होतो असं तुम्ही मानत असाल तर तुम्ही माणसाच्या संमतीविना त्याच्यावर उपचार करत आहात. परिणाम होत नाही असं मानत असाल तर फोटो पाठवायचं कारणच उरत नाही.

परक्या हीलरला फोटो पाठवायचा असेल तर तांत्रिक बाजू सांभाळा. मोबाइलने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ आणि बऱ्याचदा नेमकं ठिकाण लपलेलं असतं. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती गळून जाते. ‘क्वालिटी खराब होते, डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं कोणी सांगितलं आणि तुम्ही ऐकलंत, तर ती जशीच्या तशी जाते, म्हणजे तुमच्या घराचा पत्ता पोचला. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करून वेगळा फोटो काढा. आधार कार्डावरचा फोटो, संपूर्ण कार्ड, जन्मवेळ, मेडिकल फाइल यातलं काही पाठवू नका. लहान मुलांचा फोटो अनोळखी माणसाला अजिबात नाही. आणि ‘दुखऱ्या भागाचा’ म्हणून कपड्यांआडच्या शरीराचा फोटो कोणी मागितला तर तो उपचाराचा भाग नाही, एवढं नक्की समजा. असा फोटो आधीच गेला असेल आणि धमकी येत असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. पैसे गेले असतील तर 1930 वर लगेच फोन करा.

जाता जाता ऑरा-फोटोंबद्दल. मेळ्यांमध्ये डोक्याभोवती रंगीत वलय असलेला फोटो काढून देतात आणि तोच ‘विटनेस’ म्हणून वापरायला सांगतात. कॅमेऱ्याने ते वलय टिपलेलं नसतं. हात ठेवायच्या पट्टीवरून त्वचेचं रीडिंग घेऊन यंत्र रंग भरतं. किर्लियन छायाचित्रं याहून वेगळी. रशियातल्या सेम्यॉन किर्लियन यांनी 1939 मध्ये ती पद्धत शोधली. तिथे जास्त व्होल्टेजमुळे बोटाभोवतीच्या हवेत खरोखर ठिणग्यांची प्रभा उमटते, पण ती बोटाचा ओलावा आणि दाब यांप्रमाणे बदलते. घामेजलेला हात पुसून पुन्हा काढा, ऑरा बदललेला असेल.

चौथी पायरी : माणसाआधी मूग

नवशिक्याने सुरुवात मुगापासून करावी हे माझं आग्रहाचं म्हणणं आहे. मूग खोटं बोलत नाहीत, लाजेखातर ‘हो, बरं वाटतंय’ म्हणत नाहीत आणि त्यांची संमती लागत नाही. शिवाय या प्रयोगाला इतिहास आहे. 1950 च्या आसपास अमेरिकेत एका कंपनीने कापसाच्या शेतांचे विमानातून काढलेले फोटो यंत्राच्या पट्ट्यांमध्ये ठेवून कीड मारायचा दावा केला होता. अॅरिझोनातल्या हजारो एकरांवर म्हणे त्यांनी काम केलं. शेतकरी खूश झाल्याच्या गोष्टी आजही सांगितल्या जातात. पण यंत्राविनाच्या त्याच वर्षीच्या, तशाच शेताशी नीट तुलना त्या गोष्टींत नसते. आपण ती करू.

एकाच पिशवीतले चांगले मूग घ्या, फुटके आणि दगडासारखे कडक बाजूला काढा. दोन सारख्या ताटल्यांत ओलं फडकं पसरून प्रत्येकीत पन्नास-पन्नास दाणे मांडा. ताटल्यांच्या खाली अ आणि ब लिहा. दोन्हींचे वेगवेगळे फोटो काढून प्रिंट घ्या. आता घरातल्या दुसऱ्या माणसाला नाणं उडवायला सांगा : छाप आली तर अ चा फोटो यंत्रात, काटा आला तर ब चा. कोणता फोटो निघाला हे त्याने चिठ्ठीवर लिहून डब्यात बंद करायचं आणि फोटो जाड बंद पाकिटात घालून तुमच्या हाती द्यायचा. तुम्ही पाकीट यंत्रात ठेवा, आकडा लावा, पुस्तिकेप्रमाणे सगळं करा. श्रद्धेने करा, मनापासून करा. फक्त कोणती ताटली हे तुम्हाला ठाऊक नको.

दोन्ही ताटल्यांना मोजून तितकंच पाणी. खिडकीजवळची ताटली लवकर मोड धरते, तेव्हा सकाळ-संध्याकाळ जागा अदलाबदल करा. उन्हाळ्यात दोन दिवसांत, थंडीत तीन-चार दिवसांत मोजण्याजोगे मोड येतील. प्रत्येक ताटलीतल्या मोडांची लांबी मिलिमीटरमध्ये मोजा, सरासरी काढा, वहीत लिहा. त्यानंतरच डबा उघडून चिठ्ठी वाचा. हा क्रम उलटला तर प्रयोग वाया गेला समजा. कारण कोणती ‘आपली’ ताटली हे कळल्यावर पट्टी हातात धरणाऱ्याचा डोळा अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतोच, मग तो कितीही सज्जन असो.

एका फेरीवरून काही ठरत नाही. नाण्याची छाप-काटा निम्म्या वेळा तुमच्या बाजूने पडणारच. दहा फेऱ्या करा, आणि सुरू करण्यापूर्वीच वहीच्या पहिल्या पानावर लिहा : ‘दहापैकी किमान नऊ वेळा यंत्रातली ताटली पुढे निघाली, तरच दखल घेईन.’ नुसत्या योगायोगाने असं घडण्याची शक्यता साधारण शंभरात एक आहे. आठ ठरवलंत तर ती शंभरात पाचाहून थोडी जास्त होते, म्हणजे बरीच सैल. आकडा आधी लिहिणं हीच या सगळ्यातली अवघड गोष्ट आहे. नंतर लिहायला बसलं की सहालाही ‘चांगला कल’ म्हणावंसं वाटतं, आणि एखादी फेरी ‘त्या दिवशी अमावस्या होती’ म्हणून गाळावीशी वाटते. अमावस्येची फेरीही मोजायची.

मोडांची उसळ करून खा. वाया काहीच जात नाही.

पाचवी पायरी : लोलक आणि रबरी पॅड तपासा

यंत्रावर कोणता आकडा लावायचा, याला ‘रेट’ म्हणतात. तो शोधायला दोन साधनं देतात. एक दोऱ्याला बांधलेला लोलक, जो ‘हो’ला गोल फिरतो आणि ‘नाही’ला आडवा झुलतो. दुसरं रबरी पॅड, ज्यावर बोट घासत डायल फिरवायचा. बरोबर आकड्यावर बोट ‘चिकटतं’.

दोन्हींत बोट खरंच चिकटतं आणि लोलक खरंच फिरतो. कोणी लबाडी करत नसतं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेवरल यांनी 1833 मध्येच दाखवलं की लोलक धरणाऱ्याच्या स्वतःला न जाणवणाऱ्या बारीक हालचालींनी फिरतो. धरणाऱ्याचे डोळे बांधले की लोलकाचं ज्ञान संपतं. इंग्रज शास्त्रज्ञ फॅरडे यांनी 1853 मध्ये, प्रेतात्मे हलवतात असं मानल्या जाणाऱ्या टेबलांबाबत हेच सिद्ध केलं. पॅडचंही तसंच : अपेक्षित आकडा जवळ आला की बोटाचा दाब वाढतो, घाम असतोच.

तपासायला वीस सारखी जाड पाकिटं लागतात. दुसऱ्या माणसाने दुसऱ्या खोलीत बसून प्रत्येक पाकिटासाठी नाणं उडवायचं. छाप तर आत माणसाचा फोटो, काटा तर त्याच मापाचा कोरा फोटोपेपर. यादी त्याच्याकडेच राहील, आणि पाकिटं देताना तो समोर नको, चेहऱ्यावरून कळतं. तुम्ही लोलकाने किंवा पॅडने प्रत्येक पाकिटावर ‘आहे’ किंवा ‘नाही’ लिहा. विसांपैकी पंधरा किंवा जास्त बरोबर येणं नुसत्या अंदाजाने शंभरात दोनदा घडतं. दहा-अकरा आले तर लोलक तुमच्या मनातलं तुम्हालाच सांगत होता.

अशी साधी चाचणी म्हणजे पोरखेळ, असं कोणी म्हणालं तर एमिली रोझाचं उदाहरण द्या. ही अमेरिकन मुलगी नऊ वर्षांची असताना तिने शाळेच्या प्रकल्पासाठी ‘थेरप्युटिक टच’ (अंगाजवळ हात धरून ऊर्जेने बरं करण्याची पद्धत) करणाऱ्या 21 जणांना पडद्याआडून तपासलं. त्यांच्या कोणत्या हातावर तिने आपला हात धरला आहे, एवढंच ऊर्जा जाणवून ओळखायचं होतं. 280 पैकी 123 वेळा बरोबर आलं, म्हणजे 44 टक्के, नाण्याहूनही थोडं कमी. 1998 मध्ये ते अमेरिकेतल्या एका आघाडीच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. खर्च जवळपास काहीच नव्हता.

सहावी पायरी : माणसावर करायचंच तर

मूग आणि पाकिटं यांत काही निघालं नाही तरी काहींना माणसावर करून पाहायचंच असतं. ठीक. सौम्य, जुना, वरखाली होणारा त्रास निवडा : झोप नीट न लागणं, सकाळची पाठदुखी, ताणाची डोकेदुखी. डॉक्टरांनी आधी पाहिलेला हवा. सर्दी निवडू नका, ती आठवड्यात आपली आपणच जाते आणि श्रेय यंत्राला मिळतं.

पाठदुखीचंही एक गणित आहे. माणूस फोटो पाठवतो कधी? सगळ्यांत वाईट दिवशी. वरखाली होणाऱ्या दुखण्यात सगळ्यांत वाईट दिवसानंतरचे दिवस बहुधा कमी त्रासाचे असतात, काही केलं नाही तरी. ‘फोटो लावला आणि दुसऱ्या दिवसापासून फरक’ या शेकडो अनुभवांपैकी मोठा वाटा इथून येतो. म्हणून आधी दोन आठवडे काहीही न करता फक्त डायरी : रोज रात्री एकाच वेळी शून्य ते दहा असा त्रासाचा आकडा, घेतलेल्या गोळ्या, झोपेचे तास.

त्यानंतर चार आठवडे यंत्र. रोज सकाळी तुम्ही नाणं उडवा आणि त्यावरून ठरवा : आज फोटो यंत्रात, की कपाटात. त्या माणसाला कुठला दिवस कुठला ते सांगायचं नाही, आणि त्याने आपले आकडे तुम्हाला शेवटपर्यंत दाखवायचे नाहीत. महिना संपल्यावर दोन्ही वह्या शेजारी ठेवून ‘यंत्राच्या’ दिवसांची आणि ‘कपाटाच्या’ दिवसांची सरासरी काढा. परिणाम काही दिवस रेंगाळतो असं पुस्तिका म्हणत असेल तर रोज नाणं उडवण्याऐवजी दर आठवड्याला उडवा आणि महिने वाढवा.

‘त्याला सांगितलं नाही तर त्याची श्रद्धा कशी बसणार?’ हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे, कारण त्यात एक कबुली दडलेली आहे : काम सांगण्याने होतं. आणि सांगण्याचा परिणाम नेहमी चांगलाच होतो असंही नाही. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या 1802 रोग्यांवर दूरस्थ प्रार्थनेचा एक मोठा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे फोटो नव्हते, प्रार्थना करणाऱ्यांना फक्त नाव आणि आडनावाचं आद्याक्षर दिलं होतं. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही हे ज्यांना नक्की ठाऊक नव्हतं, त्यांच्यात प्रार्थना झालेल्या आणि न झालेल्या गटांत गुंतागुंतीचं प्रमाण जवळपास सारखं, 52 आणि 51 टक्के. ज्यांना आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे नक्की सांगितलं होतं, त्यांच्यात 59 टक्के. असं का झालं यावर वाद आहेत. पण ‘सांगून टाकू, त्यात काय बिघडतं’ हे गृहीत धरता येत नाही, एवढं खरं.

कुणी ‘क्वांटम एन्टँगलमेंट’ (दूर असलेल्या दोन कणांमधलं नातं) काढलं तर थोडक्यात : ते कणांच्या बाबतीत खरं आहे, पण त्याच्या आधारे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला संदेश पाठवता येत नाही, हे त्याच सिद्धांतातून निघतं. संदेशच जात नसेल तर औषध कुठून जाणार? आणि मोबाइलमधला फोटो म्हणजे शेवटी आकड्यांची रांग. ती फॉरवर्ड करताना फक्त तिची नक्कल होते.

सातवी पायरी : पैसे आणि कायदा

घेण्याआधी : पक्कं बिल, परत करण्याची मुदत लेखी, विक्रेत्याचा पूर्ण पत्ता. ‘उघडल्यास वॉरंटी रद्द’ हे स्टिकर टीव्हीवरही असतं, पण टीव्ही चालतो की नाही हे न उघडता कळतं. इथे कळत नाही. महिन्याचं ‘मेंटेनन्स हीलिंग’, ‘कर्मिक अडथळा निघाला, आणखी एकवीस दिवस’, ‘घरातल्या सगळ्यांचे फोटो लागतील’, अशी पावती फुगायला लागली की थांबा. एजंट होण्याची ऑफर आली तर तुम्ही रोगी नसून गिऱ्हाईक आहात हे ओळखा.

तुम्ही स्वतः इतरांसाठी करू लागलात तर जास्त जपा. 1954 च्या औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याला एक परिशिष्ट जोडलेलं आहे. त्यात कर्करोग, मधुमेह, हृदयविकार, रक्तदाब, अपस्मार, क्षय, लठ्ठपणा असे आजार नमूद आहेत. ते बरे करण्याचा दावा करणारी जाहिरात करणं गुन्हा आहे, आणि व्हॉट्सअॅप स्टेटसवर टाकलेलं ‘शुगर कायमची बरी’ हेही जाहिरातच. महाराष्ट्रात त्यावर 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्याचा वटहुकूम डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या पुण्यातल्या हत्येनंतर काही दिवसांतच निघाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखणं त्यात स्पष्टपणे गुन्हा ठरवलं आहे. तुम्ही फी न घेता करत असलात तरी ‘डॉक्टरकडे जायची गरज नाही’ हे वाक्य तोंडून निघू देऊ नका.

यंत्र परत करताना विक्रेता टाळाटाळ करू लागला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. तक्रारीसोबत बिल, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि मुगाची वही जोडा. हीलरकडे दिलेले फोटो पुसायला लेखी सांगा आणि पुसल्याचं उत्तर मागून घ्या. स्वतःच्या पेटीतले फोटो ज्याचे त्याला परत द्या.